पूर्ण रोल : रस्त्यावरच्या मुंबईची फिल्मवरची नोंद



ज्यांच्या स्मरणार्थ ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला भरते ते ग्रंथपाल होते. आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय ते कपाटात जाऊ देत नसत. पुस्तक कुणी दिलं, कधी दिलं, कुठल्या अवस्थेत दिलं, हे सगळं लिहिलं जायचं. अशा माणसाच्या नावानं बोलायचं तर विषयही नोंदीचाच हवा. म्हणून आज मी मुंबईच्या छायाचित्रांबद्दल बोलणार आहे; त्यातही रस्त्यावर हिंडून, फिल्मच्या रोलवर टिपलेल्या छायाचित्रांबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे शेवटच्या लोकलची चिंता असणाऱ्यांना ते घेऊन उठता येईल. एका उत्तम फोटोनं शहराची नोंद होत नाही. शहराची नोंद होते ती पूर्ण रोलनं. पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्या फ्रेमपर्यंत, फसलेल्या फ्रेमसकट, तारीख आणि जागा लिहिलेल्या रोलनं. आपण फोटो जपले आणि रोल टाकून दिले. का, कसे, आणि आता काय करायचं, एवढंच मला बोलायचं आहे.

सुरुवात १८६३ सालापासून करू. त्या वर्षी मुंबईबद्दल दोन पुस्तकं निघाली. एक आपल्या गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’. दुसरं विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराचं, मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रं असलेलं. त्याचा पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. माडगावकर शहरात हिंडतात. बाजार, देवळं, तलाव, धंदे, सणवार, काय दिसेल ते लिहीत जातात. आणि जॉन्सन? जॉन्सनच्या पानांवर माणसं मुंबईतल्या जागांसमोर उभी दिसतात, पण ती तिथे कधी उभी राहिलेली नसतात. माणसांचे फोटो वेगळे काढलेले, जागांचे फोटो वेगळे काढलेले. माणसं कापून जागांवर चिकटवलेली आहेत.

यात जॉन्सनला लबाड ठरवायचं कारण नाही. त्या काळी काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा, वाळायच्या आत तो धुवायचा. काचेला प्रकाश पुरवायला सेकंदामागून सेकंद जात. त्या वेळात जो हलला तो पुसला. म्हणून त्या काळातल्या रस्त्यांचे फोटो पाहिलेत तर रस्ते ओसाड दिसतात. मुंबईचा रस्ता कधी तरी ओसाड होता का हो? लोक होते. हमाल होते, कोळणी होत्या, बैलगाड्या होत्या. चालत होते म्हणून उमटले नाहीत. जो थांबू शकला तोच कागदावर राहिला, आणि थांबायला सवड असणारा माणूस तेव्हाही कोण होता, हे तुम्हाला सांगायला नको.

मुंबई या कलेत मागे होती असं मात्र नव्हे. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. कॅमेऱ्याचा शोध लागून फार वर्षं झाली नव्हती, तोवर मराठी माणसाच्या हातात कॅमेरा होता. पण तो स्टुडिओत होता. तिवईवर होता.

गल्लीबोळात कॅमेरा शिरला तो प्लेगात. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि मग घरझडत्या, निर्जंतुकीकरण, विलगीकरणाच्या छावण्या हे सगळं सुरू झालं. त्या कामाचे आल्बम तयार झाले. फोटो सरकारी कामाचा पुरावा म्हणून काढलेले. चाळीपुढे उभी केलेली माणसं, झडतीला आलेलं पथक. ते पाहताना माझं लक्ष पथकाकडे जात नाही. मागे दारात उभ्या असलेल्या एखाद्या बाईकडे जातं. तिला कुणी टिपायचं ठरवलं नव्हतं. ती फक्त चौकटीत आली.

ही चौकटीच्या कडेची बाई लक्षात ठेवा. मी तिच्याच बाजूनं बोलतो आहे.

आता मोठी उडी घेतो. १९२५ साली लायका बाजारात आला. सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर पट्टीवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा, आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रस्त्यावरचं छायाचित्रण म्हणून ज्याला आपण ओळखतो ते या छोट्या कॅमेऱ्यांनी शक्य केलं. मुंबईची सुरुवातीची एक सुंदर नोंद एका बाईनं केली. होमाई व्यारावाला. नवसारीत जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. पुढे दिल्लीत नेहरू, माउंटबॅटन, स्वातंत्र्याचे सोहळे त्यांनी टिपले, ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण १९४२ मध्ये दिल्लीला जाण्यापूर्वीचे त्यांचे मुंबईतले फोटो पाहा. जे. जे.मधल्या मैत्रिणी, सहलीला निघालेल्या बायका, शहरात मोकळेपणानं वावरणाऱ्या तरुण मुली. ते फोटो छापून आले तेव्हा त्यांवर नाव होतं त्यांच्या पतीचं, माणेकशा व्यारावाला यांचं. शहराची नोंद एका बाईनं केली आणि नोंदवहीत नाव दुसऱ्याचं चढलं. मी तारीख-जागा-नाव लिहा म्हणून जो आग्रह धरणार आहे, त्यामागे हीही गोष्ट आहे.

१९४७ साली आँरी कार्तिए-ब्रेसाँ मुंबईत आले होते. त्यांचा परळमधला एक फोटो आहे. गिरणी कामगारांच्या वस्तीतलं ज्योतिषाचं दुकान. जगातला एवढा मोठा छायाचित्रकार गिरणगावात येतो आणि गिरणी सोडून ज्योतिषाच्या दुकानासमोर थांबतो. मला त्यांची ही नजर फार मोलाची वाटते. भोंगा, चिमणी, पाळी हे सगळं कुणीही काढलं असतं. पण पाळीवरून सुटलेला माणूस उद्याची काळजी कुठे घेऊन जातो, हे त्यांनी पाहिलं. तरीही माझ्यासारख्याला एक प्रश्न पडतोच. ते दुकान परळमध्ये नेमकं कुठे होतं? कुठल्या चाळीच्या खाली? त्याच्या शेजारी कसलं दुकान होतं? त्या वस्तीत वाढलेल्या माणसानं तो फोटो काढला असता, तर आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम आपल्याला काय सांगत्या?

इथे मी रोलवर येतो.

इथे तरुण मंडळी दिसताहेत, आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यात जुने कॅमेरे आहेत, हे पाहून मला मनापासून आनंद झाला आहे. तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातूनच आकडे छापून येतात. एक, दोन, तीन, छत्तिसापर्यंत. ते आकडे बदलता येत नाहीत. सातव्या फ्रेमनंतर आठवी. मधली आवडली नाही म्हणून काढून टाकायची तर कात्री लावावी लागते, आणि कात्री लावलेली दिसते. रोल धुतला, पट्ट्या कापल्या, कागदावर शेजारी शेजारी ठेवून प्रकाश दिला की कॉन्टॅक्ट शीट तयार होतं. गणिताच्या उत्तरपत्रिकेत समासात कच्चं काम राहतं ना, तसं हे शीट असतं. छायाचित्रकार कुठून निघाला, कुठे वळला, कोणापाशी दोनदा थांबला, कोणाला पाहून मागे फिरला, सगळं त्यात राहतं.

म्हणजे रोल हा एका माणसाच्या एका चालण्याचा आलेख आहे. भारतमाता सिनेमापासून निघून लालबागच्या नाक्यावरून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत कुणी १९८० साली चालत गेलं असेल आणि छत्तीस वेळा बटण दाबलं असेल, तर त्या रस्त्याची एक ओळ आपल्या हातात आहे. कुठलं दुकान कुठल्या दुकानानंतर येत होतं. पाट्या कुठल्या भाषेत होत्या. सकाळी उन्हं कुठल्या बाजूला होती. तुम्ही कुठलीही एक फ्रेम उचला, ती कदाचित साधी वाटेल. छत्तीस एकत्र ठेवा, रस्ता उभा राहतो.

डिजिटलशी माझं भांडण नाही, हे स्पष्ट सांगतो. उलट एका बाबतीत ते फिल्मच्या पुढे आहे, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. फिल्म तारीख लिहीत नाही, ती आपण लिहायची असते, आणि बहुतेकांनी लिहिली नाही. पण डिजिटलमध्ये आपण रस्त्यातच उभं राहून फोटो पुसतो. पडद्यावर पाहतो, ‘चांगला नाही आला’ म्हणतो, पुसतो. चांगला म्हणजे काय? आज आपल्याला चांगला वाटला तो. चाळीस वर्षांनी काय बघायला हवं असेल, हे आज कुणाला कळतं? चौकटीच्या कडेला उभी असलेली बाई आजच्या निवडीत टिकत नाही. फिल्मवर ती टिकते, कारण पुसायची सोयच नाही.

आणि फिल्मवर काम करणाऱ्याला थांबावं लागतं, मोजावं लागतं. मे महिन्यात दुपारी काळबादेवीत उन्हाची पट्टी आणि सावलीची पट्टी यांच्यात एवढा फरक असतो, की दोन्ही एका फ्रेममध्ये आणायचं तर एकाला सोडावं लागतं. पावसाळ्यात उलटं. जूनमध्ये ढग दाटले की चारशेच्या, म्हणजे जलद, फिल्मलाही दुपारी कधीकधी प्रकाश कमी पडतो. रात्रीच्या लोकलमध्ये चारशेची फिल्म सोळाशेवर धरून धुताना वेळ वाढवायचा, मग ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, तांदळाच्या कणीएवढा दिसतो, पण चेहरे मिळतात. ही सगळी शिस्त ज्यांनी अंगी बाणवली त्यांनी शहराकडे घाईनं पाहिलं नाही.

आता काही कामांकडे वळू. मी यादी देणार नाही. ज्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं आहे तेवढीच नावं घेतो.

१९९५ साल. चर्चगेट स्टेशन. एकाच वर्षी जगातल्या दोन मोठ्या छायाचित्रकारांनी तिथे फोटो काढले. रघु राय यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. फलाटावर माणसं धावताहेत, सगळी धूसर झालेली, आणि मधे एक माणूस स्थिर, वर्तमानपत्रात डोकं घालून. आणि सेबास्तियाँव साल्गादो यांचा, स्थलांतरावरच्या त्यांच्या मोठ्या कामातला, पश्चिम रेल्वेच्या गर्दीचा. दोन्ही फोटोंत शटर मुद्दाम सावकाश ठेवलेलं आहे, त्यामुळे गर्दी वाहत्या पाण्यासारखी दिसते. कला म्हणून दोन्ही फोटो थोर आहेत, त्यात शंका नाही. पण मी चर्चगेटला रोज उतरणारा माणूस आहे. मला विचारावंसं वाटतं, त्या धूसर झालेल्या माणसांत कोण होतं? डबे कुणाच्या हातात होते? गर्दी म्हणून आपली ओळख जगभर झाली. आपल्यातल्या एकेकाची ओळख कुठे आहे?

त्यासाठी इथे राहणाऱ्यांच्या कामाकडे जावं लागतं. सूनी तारापोरवाला यांनी १९७७ पासून मुंबई टिपली आणि २०१७ साली त्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटाची पटकथा त्यांचीच. त्यांच्या फोटोंत घर आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत नाही. घरातले वृद्ध नातेवाईक, पारशी वसाहतीचे गच्चीजिने, आणि तिथून खाली उतरलं की रस्त्यावर खेळणारी मुलं. केतकी शेठ यांचं ‘बॉम्बे मिक्स’ हे कृष्णधवल फोटोंचं पुस्तक २००७ चं. त्याच्या उपशीर्षकातच रस्त्यावरचं छायाचित्रण असा उल्लेख आहे. या दोघींनीही ज्यांच्याकडून शिकल्याचं ऋण मानलं ते रघुबीर सिंह. जयपूरचे, जगभर हिंडलेले, आणि रंगाशिवाय भारत दाखवता येत नाही असं ठासून मांडणारे. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं. केम्प्स कॉर्नरला चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात आत उभं राहून त्यांनी १९८९ मध्ये एक फोटो काढला. काचेच्या आत विकायला मांडलेल्या वस्तू, काचेच्या बाहेर रस्ता, आणि काचेवर दोन्हींचं एकमेकांत मिसळलेलं रूप. उदारीकरण दोन वर्षांवर येऊन ठेपलं होतं. बाजार दुकानातून रस्त्यावर कसा उतरणार आहे, हे त्या एका काचेत दिसतं. कुणी मला विचारलं की रंगीत फिल्मचं सर्वांत मोठं काम कोणतं, तर मी याच पुस्तकाकडे बोट दाखवीन.

ते कोडाक्रोमवर काम करत. १९३५ साली आलेली ही फिल्म २००९ मध्ये कंपनीनं बंद केली, आणि २०१० च्या अखेरीला ती धुणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावातली, तीही थांबली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना मिळाला, आणि त्यातल्या काही फ्रेम त्यांनी भारतात, हिंदी सिनेमातल्या कलावंतांवर खर्च केल्या. ज्या फिल्मनं मुंबईचे रस्ते टिपले तिचा शेवटही थोडा मुंबईला लागून गेला.

आपल्या देशातही फिल्म तयार होत होती हे आजच्या मुलांना माहीत नसतं. उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, त्याची ‘इंदू’ ही फिल्म. आयातीवर बंधनं होती, परदेशी रोल महाग आणि दुर्मीळ. हौशी माणसं लांब पट्टी एकत्र विकत घेऊन अंधारात मोजून डब्यांत भरून घेत. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनी मिळेल त्या फिल्मवर मोर्चे, सभा, पूर आणि आगी टिपल्या. त्या वृत्तपत्रीय निगेटिव्हचं पुढे काय झालं, हा स्वतंत्र व्याख्यानाचा, आणि दुःखाचा, विषय आहे.

कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणाऱ्याचा अधिकार किती, हा प्रश्न टाळून मला पुढे जाता येणार नाही. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९७८-७९ मध्ये फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत काम केलं, त्याचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं. सुरुवातीला त्या गेल्या तेव्हा तिथल्या बायकांनी त्यांच्यावर कचरा आणि पाणी फेकलं होतं. हे मार्क यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या परत परत गेल्या, महिनोन्महिने बसल्या, मग ओळखी झाल्या. फोटो विलक्षण आहेत. तरी मला विचारायचं आहे, कचरा फेकणाऱ्या त्या बाईचं म्हणणं चुकीचं होतं का? तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, चेहरा मात्र कदाचित पुस्तकात असेल. मी स्वतःपुरता एक नेम ठेवला आहे. ज्याचा फोटो काढला, त्याला तो छापून नेऊन द्यायचा. त्यासाठी परत जावं लागतं. परत गेलं की नाव कळतं. नाव कळलं की पाकिटावर लिहिता येतं, आणि लिहू नका म्हणाला तर लिहायचं नाही हेही कळतं.

परत जाणं. माझ्या मते रस्त्यावरच्या छायाचित्रणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. जगभर त्याची थोरवी सांगतात ती एका क्षणाची. क्षण पकडला की झालं. पण शहर एका क्षणात राहत नाही. कवी अरुण कोलटकर काळा घोड्याच्या नाक्यावर वेसाइड इन या हॉटेलात वर्षानुवर्षं बसले, तोच रस्ता, तेच वाहतूक बेट पाहत. २००४ मध्ये आलेला त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह त्या बसण्यातून आला. छायाचित्रकारांत चिरोदीप चौधुरी यांनी १९९६ पासून मुंबईतल्या सार्वजनिक घड्याळांचे फोटो काढायला घेतले. मनोऱ्यावरची, स्टेशनातली, इमारतींच्या कपाळावरची घड्याळं. काही चालू, बरीच बंद पडलेली. एकेक घड्याळ शोधत माणूस अख्खं शहर पालथं घालतो, तेव्हा घड्याळांच्या निमित्तानं शहरच नोंदलं जातं.

आणि सुधारक ओलवे. महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते अनेक वर्षं राहिले. गटारांत, कचऱ्याच्या गाड्यांवर, डंपिंग ग्राउंडवर, आणि मग कामगारांच्या घरीही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत तोच रस्ता आहे ज्यावरून आपण रोज जातो, फक्त त्याच्या खालून पाहिलेला. रस्ता कोण साफ करतं, आणि तो कोणाच्या अंगावर साफ होतो, ही नोंद मुंबईच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणात इतक्या ठामपणे आधी झाली नव्हती. ती एका मराठी माणसानं केली. याचा मला अभिमान आहे.

आता माझ्या मनात सलणाऱ्या गोष्टीकडे येतो.

१८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मोर्च्यांचे फोटो आहेत, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या सभांचे आहेत. पण संपाच्या आठव्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी डिलाइल रोडवर काय दिसत होतं? खानावळीच्या बाईनं उधारीच्या वहीसमोर बसून काय केलं? भांडी विकायला निघालेला माणूस कुठल्या दुकानात गेला? पाळीचा भोंगा थांबल्यावर सकाळी सात वाजता नाक्यावर किती माणसं उभी असत, आणि ती कुठे पाहत उभी असत? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडच्या हकिगती गोळा करून २००४ मध्ये पुस्तक केलं, म्हणून ते आवाज तरी राहिले. चित्रं? चित्रं कुणी काढलीच नसतील असं मला वाटत नाही. परळ-लालबागमध्ये फोटो स्टुडिओ होते. ॲग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा कितीतरी घरांत होता. गणपतीत, लग्नात, बारशाला रोल भरला जायचा आणि उरलेल्या दोन-तीन फ्रेम संपवायच्या म्हणून कुणीतरी गॅलरीतून खाली रस्त्यावर रोखून बटण दाबायचं.

ते उरलेले दोन-तीन फोटो! श्रोतेहो, मुंबईची सगळ्यात मोठी रस्त्यावरची नोंद मला वाटतं तिथेच आहे. रोल धुवायला टाकायची घाई असलेल्या वडिलांनी, मामांनी, काकांनी संपवलेल्या फ्रेममध्ये. लग्नाचे फोटो आल्बममध्ये गेले. हे मात्र कधी छापलेही गेले नाहीत. ते अजून निगेटिव्हमध्येच आहेत, कुठल्यातरी कपाटाच्या वरच्या फळीवर, स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटात.

आणि ती पाकिटं मरताहेत. मुंबईची हवा फिल्मची वैरीण आहे. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो, आणि दमट हवेत त्यावर बुरशी येते. बुरशी जिलेटिन खाते. एकदा खाल्लं की त्यातलं चित्र परत मिळत नाही. दुसरा आजार त्याहून वाईट. फिल्मचा पाया ॲसिटेटचा असेल तर उष्णता आणि दमटपणात तो कुजू लागतो, त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, पट्टी आकसते, वाकडी होते, वरचा थर सुटून सुरकुततो. आणि हा रोग शेजारच्या रोलला लागतो. पाकीट उघडताच आंबट वास आला तर ते पाकीट त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा, आणि आधी तेच स्कॅन करून घ्या. बरं होण्याची वाट पाहू नका, ते बरं होत नाही.

बाकीच्यांसाठी करायचं ते सोपं आहे. निगेटिव्ह चित्राच्या भागाला हात न लावता, कडेला धरून काढायचं. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या फेकून आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवायचं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या बदलायच्या. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. पट्ट्या आणखी कापायच्या नाहीत. स्कॅन करताना रोलमधल्या सगळ्या फ्रेम करायच्या, काळ्या पडलेल्या, हललेल्या, बोट आलेल्यासुद्धा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ टाकायचं नाही. चोरबाजारात किलोच्या भावानं जाणाऱ्या निगेटिव्हच्या पाकिटांत कुणाकुणाची चाळ असते, हे तिथे बसून प्रकाशासमोर धरून पाहिलं की कळतं. कुणाचं आहे ते मात्र कळत नाही. पाकिटावर काही लिहिलेलंच नसतं.

ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. या सभागृहात ती पाहिलेले कुणी असतील. जुनी लाल डबलडेकर बस २०२३ च्या सप्टेंबरात गेली, आणि पुढच्याच महिन्यात पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी. या दोघींच्या शेवटच्या दिवशी रस्त्यावर केवढे मोबाइल वर झाले होते! निरोपाचे हजारो फोटो निघाले. पण आज या घटकेला जे जातंय त्याचं काय? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी, सगळ्या मिळून मुळात दोनशे सात इमारती, तळमजला अधिक तीन मजले, एकशे साठ चौरस फुटांची खोली. शंभर वर्षांची वस्ती. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पुनर्विकास सुरू झाला आहे, काही कुटुंबं नव्या इमारतींत राहायला गेलीही आहेत, आणि त्यांना ऐसपैस घर मिळालं याचा आनंद मला आहे. चाळ टिकवा असं मी म्हणणार नाही. चाळीत राहिलेल्यालाच ते म्हणण्याचा अधिकार. मी म्हणतो, पाडायच्या आधी चालून घ्या. एका टोकाच्या जिन्यापासून दुसऱ्या टोकाच्या नळापर्यंत, प्रत्येक दारासमोर थांबत, एक मजला एक रोल.

मी गेले काही महिने हेच करतो आहे. कृष्णधवल चारशेची फिल्म, एकच पस्तीस मिलिमीटरची लेन्स, आणि शक्य तितक्या सकाळी. रोल घरीच धुतो. त्याची रसायनं, डेव्हलपर आणि हायपो, अजून फोर्टात मिळतात. पण या कामात एक गोष्ट एकट्यानं होत नाही. फोटोत दिसतं ते मी पाहतो; ते काय आहे ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक असतं. कॉन्टॅक्ट शीट घेऊन एका आजींसमोर बसलो होतो. मला वाटलं होतं त्या स्वतःचं दार शोधतील. त्यांनी भिंग घेतलं आणि कठड्याच्या एका मोडक्या लाकडावर बोट ठेवलं. तो कठडा कधी मोडला, कुणाच्या लग्नात गर्दीनं मोडला, दुरुस्तीची वर्गणी कोणी दिली नाही, सगळं सांगितलं. फ्रेम क्रमांक एकोणीसच्या पुढे मी ते लिहून घेतलं आहे.

म्हणून ग्रंथालयाच्या पदाधिकाऱ्यांशी बोलून आम्ही एक ठरवलं आहे, ते जाहीर करतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी खालच्या वाचनकक्षात एक लाइट टेबल, दोन भिंगं आणि एक स्कॅनर असेल. घरातली निगेटिव्ह घेऊन या. ती तुमचीच राहतील, स्कॅनची एक प्रत ग्रंथालयाला द्या. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला बरोबर आणा, कारण नावं त्यांनाच माहीत आहेत. शाईनं लिहू नका, पेन्सिलनं लिहा, शाई फुटते. पाकिटावर तीन गोष्टी लिहायच्या : जागा, साल, आणि कॅमेरा कुणाच्या हातात होता. साल आठवत नसेल तर त्या वर्षी गणपतीच्या मंडळानं काय देखावा केला होता ते सांगा. साल आपण मंडळाच्या अहवालातून काढू.